एक गवत, दोन दुखणी

श्रावण संपत आला की पुण्या-साताऱ्यापासून नागपूरच्या नव्या लेआउटांपर्यंत मोकळ्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेने, पडीक बांधावर कमरेइतके गाजर गवत उभे राहते. पाने गाजराच्या पाल्यासारखी, शेंड्याला चारेक मिलिमीटरच्या पांढऱ्या फुलांचे विरळ झुबके. गणपती ते दिवाळी या काळात त्याचा बहर जोरात असतो आणि त्याच काळात दोन प्रकारचे रुग्ण दवाखान्यात येतात. एकाला शिंकांची सरबत्ती, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. दुसऱ्याच्या पापण्या सुजलेल्या, मान आणि कोपराच्या घड्या खाजवून खाजवून जाड झालेल्या. दोघांनाही ‘अ‍ॅलर्जी आहे’ असे सांगितले जाते आणि बऱ्याचदा दोघांच्याही हातावर एकच गोळी पडते. पहिल्याला तिने बरे वाटते, दुसऱ्याचे दुखणे जागचे हलत नाही.

गवत एकच असले तरी ही दुखणी दोन आहेत. त्यांची कारणे वेगळी, तपासण्या वेगळ्या, उपचारही वेगळे. गाजर गवताच्या अ‍ॅलर्जीत होणारी बहुतेक फरफट ही दोन्ही एकाच टोपलीत टाकल्याने होते.

पाहुणा आला कुठून

पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे त्याचे शास्त्रीय नाव. मूळ मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातले, कुळ सूर्यफुलाचे. १९५६ साली आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुण्यात आढळलेल्या या झाडाची नोंद भारतासाठी नवी म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेव्हापासून एक गोष्ट सर्वतोमुखी आहे: पीएल-४८० योजनेतल्या अमेरिकी गव्हातून हे बी आले. तारखा पाहिल्या तर गोष्ट इतकी सरळ राहत नाही. या योजनेखालचा भारताशी झालेला पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, म्हणजे राव यांच्या नोंदीच्याच वर्षातला. अमेरिकेचा कर्जाऊ गहू मात्र १९५१ पासून येत होता. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८१४ साली छापल्या गेलेल्या, रॉक्सबर्ग यांनी केलेल्या कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या यादीत हे नाव आढळते. झाड आधीपासून कुठेतरी असावे आणि त्याचा सुळसुळाट पन्नाशीच्या दशकानंतर धान्याच्या वाहतुकीबरोबर झाला असावा, हा मेळ त्यातल्या त्यात पटतो. आज देशातील सुमारे साडेतीन कोटी हेक्टर जमिनीवर ते असल्याचा अंदाज दिला जातो.

त्याच्या चिवटपणाला कारणे आहेत. पहिल्या पावसाबरोबर ते उगवते, चार-सहा आठवड्यांत फुलावर येते आणि तीन-चार महिन्यांत एक पिढी पुरी करते. एक मोठे झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकते. गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. मुळांतून आणि पानांतून सुटणारी द्रव्ये शेजारच्या रोपांना वाढू देत नाहीत. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि लावलेच तर दुधाला कडवटपणा येतो. परागकणांचे म्हणाल, तर एका झाडामागे साठ कोटींहून अधिक असा अंदाज बंगळुरूच्या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास मांडला होता.

ऋतूबद्दलही एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. कोरडवाहू भागात गाजर गवत पावसाचे पाहुणे आहे. दिवाळीनंतर ते वाळते. कालव्याच्या कडेला, उसाच्या बांधावर, सांडपाण्याच्या गटाराजवळ ते बारमाही असते. त्यामुळे माण तालुक्यातल्या रुग्णाचा त्रास हिवाळ्यात ओसरेल, पण कृष्णाकाठच्या रुग्णाचा त्रास मार्चमध्येही चालू असेल. ‘हंगामी’ हा शब्द गावाच्या पाण्यावर अवलंबून आहे.

नाकाचे दुखणे

गाजर गवताचा परागकण मिलिमीटरच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाएवढा, काटेरी आणि कोरडा. फूल किड्यांनाही बोलावते आणि वाऱ्यावरही पराग सोडते. कण नाकाच्या ओल्या अस्तरावर बसला की त्यातली प्रथिने काही मिनिटांत विरघळतात. ज्यांच्या शरीराने या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिद्रव्य तयार करून ठेवले आहे, त्यांच्या नाकातल्या मास्ट पेशी तत्क्षणी हिस्टमिन सोडतात. शिंका, खाज आणि पाणी ही त्याचीच करणी. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. तिच्यात इतर पेशी गोळा होऊन नाक चोंदते. सकाळी झाडाजवळून जाणे झाले आणि रात्री नाक बंद, असे होते ते यामुळे.

हे प्रतिद्रव्य तयार व्हायला वेळ लागतो. परगावाहून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यात आलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यात काहीच होत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘पुण्याची हवा सोसत नाही’ अशी तक्रार सुरू होते, त्याचे एक कारण इथे सापडते. बंगळुरूत झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नाकाच्या अ‍ॅलर्जीच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांची या परागाला त्वचाचाचणी सकारात्मक आली होती. दम्याच्या रुग्णांत हे प्रमाण बरेच कमी होते. तरी नाक आणि फुप्फुसे एकाच श्वासमार्गाची दोन टोके आहेत. नाकाच्या अ‍ॅलर्जीकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर दमा आवरणे अवघड जाते. शिंकांच्या जोडीला छातीत शिट्टी वाजू लागली, रात्री खोकल्याने जाग येऊ लागली, तर दुखणे सर्दीच्या पलीकडे गेले असे समजावे.

संशय मात्र बहुतेक वेळा भलत्यावरच घेतला जातो. सप्टेंबरमध्ये डोळ्यांत भरते ती पठारावरची सोनकी, कुंपणाचा कॉसमॉस, बाजारातला झेंडू. या फुलांचा पराग जड आणि चिकट; तो किड्याच्या पायाला लागून जातो, नाकापर्यंत क्वचितच पोचतो. त्रास देणारी झाडे दिसायला फालतू असतात: गाजर गवत, काटेमाठ, चाकवताच्या जातीची तणे आणि खुद्द गवते. यांतली बरीच एकाच सुमारास फुलतात, त्यामुळे नुसत्या महिन्यावरून गुन्हेगार ठरवता येत नाही.

कातडीचे दुखणे

दुसऱ्या रुग्णाचा मामला आयजीईचा नाहीच. गाजर गवताच्या पानांवर आणि खोडावर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचे एक लहान, कडवट रसायन साठलेले असते. ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटते आणि टी पेशी त्या जोडीला शत्रू ठरवतात. या पेशी सावकाश जमतात. संपर्कानंतर चोवीस ते बहात्तर तासांनी पुरळ उठते, म्हणून सोमवारी खुरपलेल्या शेताशी बुधवारच्या खाजेचा संबंध कुणी लावत नाही. प्रत्यक्ष हात लागायलाही हवा असे नाही. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यावर येतो तेवढा पुरतो.

पुण्यात सत्तरच्या दशकाच्या आरंभी असे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली या त्वचारोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते रूप आजही ओळखू येते. वरच्या पापण्या, सदऱ्याच्या उघड्या गळ्यापुरता मानेचा त्रिकोण, कोपराची आतली घडी, गुडघ्यामागची खळगी. रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीच्या पुढचे, उघड्यावर काम करणारे. भारतातल्या नोंदींत पुरुष जास्त. उन्हाने होणाऱ्या पुरळाशी याची गल्लत होते, पण पाहणाऱ्याला एक खूण हाताशी असते. ऊन पापण्यांवर, हनुवटीखाली आणि कानामागे फारसे पोचत नाही. धूळ मात्र तिथेच साचते. या सावलीच्या जागाच जास्त बिघडलेल्या असतील तर हवेतून येणाऱ्या पदार्थाचा संशय घ्यावा. पुढे पुढे याच रुग्णांना उन्हाचाही त्रास होऊ लागतो आणि चित्र गुंतागुंतीचे बनते. पहिली काही वर्षे दुखणे दिवाळीनंतर ओसरते. नंतर ते बारमाही होते, चेहऱ्याची कातडी काळवंडून जाड घड्यांची होते.

अशा रुग्णाला झेंडू आणि शेवंतीही त्रास देऊ शकतात, कारण सूर्यफुलाच्या कुळातल्या अनेक झाडांत पार्थेनिनच्या नात्यातली रसायने असतात. नाकाच्या बाबतीत निर्दोष ठरलेला झेंडू इथे संशयित होतो. दसऱ्याला तोरणे ओवल्यावर बोटे आणि चेहरा बिघडत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तपासणी: कोणासाठी कोणती

नाकाच्या त्रासासाठी स्किन प्रिक टेस्ट. हातावर अर्काचा थेंब, त्यातून हलकी टोचणी, पंधरा-वीस मिनिटांनी गांध उठली का ते पाहायचे. तीन मिलिमीटर किंवा अधिक गांध म्हणजे सकारात्मक. आधी पाच-सात दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर खरी अ‍ॅलर्जीही लपते. रक्तातल्या आयजीईची तपासणी हा दुसरा मार्ग.

त्वचेसाठी पॅच टेस्ट. अर्काच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवायच्या, तोवर पाठीला पाणी आणि घाम लागू द्यायचा नाही, काढल्यावर एकदा आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेल्या पॅच टेस्टच्या प्रमाणित संचात गाजर गवताचा अर्क समाविष्ट आहे.

गोंधळ होतो तो इथे. त्वचेच्या रुग्णाची प्रिक टेस्ट किंवा आयजीईची तपासणी होते, ती नकारात्मक येते आणि ‘तुम्हाला गवताची अ‍ॅलर्जी नाही’ असा निकाल हातात पडतो. पेपर एका विषयाचा आणि उत्तरपत्रिका दुसऱ्याच विषयाची तपासल्यासारखेच हे झाले. उलट चूकही होते: शंभर पदार्थांच्या रक्ततपासणीत वीस सकारात्मक येतात आणि माणूस वांगी, दही, शेंगदाणे सगळे सोडून बसतो. चाचणी सकारात्मक येणे म्हणजे शरीराने तो पदार्थ ओळखला आहे एवढेच. तो पदार्थ समोर आल्यावर त्रास होतो का, त्याच महिन्यांत होतो का, गाव बदलल्यावर थांबतो का, हे कुठलाही अहवाल सांगत नाही. त्यासाठी साधी वही लागते: तारीख, हवा, कुठे गेलो, काय झाले. दोन हंगामांची अशी वही महागड्या पॅनेलपेक्षा जास्त बोलते.

औषधे, आणि त्यांचा वापर

नाकासाठी पहिल्या पायरीवर सेटिरिझिन, लोराटॅडिन, फेक्सोफेनाडिन यांसारखी कमी झोप आणणारी अँटिहिस्टमिन औषधे. शिंका, खाज, पाणी यांवर ती चालतात. चोंदलेल्या नाकावर त्यांचा जोर कमी पडतो. जुन्या पिढीतल्या गोळ्यांनी गुंगी येते. दुचाकी चालवणाऱ्याने आणि यंत्रावर काम करणाऱ्याने त्या टाळाव्यात.

त्रास रोजचा किंवा मध्यम-तीव्र असेल तर खरा आधार आहे तो स्टेरॉइडच्या नेझल स्प्रेचा: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड. ‘स्टेरॉइड’ म्हटले की लोक बिचकतात. या फवाऱ्यातली मात्रा सूक्ष्म असते आणि नव्या औषधांतली फार थोडी रक्तात जाते. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून ‘उपयोग नाही’ म्हणत बाटली फेकणारेच जास्त. मारण्याची रीतही महत्त्वाची. आधी नाक शिंकरून मोकळे करावे, मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डावीसाठी उजवा. म्हणजे फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न बसता कानाच्या दिशेने जातो. जोरात ओढू नये; औषध घशात उतरले तर वाया गेले. पडद्यावर मारत राहिल्याने घोळणा फुटतो आणि दोष औषधाला दिला जातो.

नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब वेगळे. झायलोमेटाझोलिनसारखे थेंब तीन-पाच दिवसांपुरते ठीक. त्यापुढे थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद होते आणि माणूस बाटलीला बांधला जातो. माँटेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिन यांची जोडगोळी आपल्याकडे सर्दीवर सर्रास दिली जाते. माँटेलुकास्टमुळे काही जणांना झोपेचे आणि मनःस्थितीचे विकार होऊ शकतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. ती गोळी दुकानदाराच्या सल्ल्याने महिनोन्‌महिने घेण्याची नव्हे. हंगामात एकदा घ्यायचे दीर्घ परिणामाचे स्टेरॉइडचे इंजेक्शनही टाळलेलेच बरे. साखर, रक्तदाब, हाडे यांच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा स्वस्त आणि उपयुक्त जोडउपाय. जलनेती करणाऱ्यांनी एकच पथ्य कसोशीने पाळावे: पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. नळाच्या कच्च्या पाण्यातून क्वचित, पण जीवघेणा संसर्ग होऊ शकतो.

त्वचेच्या रुग्णाला यातले बहुतेक लागू नाही. अँटिहिस्टमिन गोळीने गुंगी येऊन खाज थोडी विसरायला होते, पण टी पेशींचे काम चालूच राहते. इथे योग्य ताकदीचे स्टेरॉइड मलम, ठराविक दिवस, आणि चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमससारखा पर्याय. दुखणे पसरलेले आणि जुनाट असेल तर त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅझाथायोप्रिनसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देतात; दिल्लीच्या एम्समध्ये गाजर गवताच्या रुग्णांवर त्याचा चांगला अभ्यास झाला आहे. गुण यायला काही आठवडे लागतात आणि रक्त वेळोवेळी तपासावे लागते. टाळायचे ते दुकानात मिळणारे ‘सगळ्यावर चालणारे’ मलम, ज्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेले असते. त्याने चार दिवस आराम पडतो आणि चार महिन्यांनी कातडी पातळ होते.

मुळावर घाव घालणारा उपाय नाकाच्या बाजूलाच आहे. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागाचा अर्क वाढत्या मात्रेत टोचून शरीराला सवय लावण्याची पद्धत मांडली. आजची इम्युनोथेरपी तिचीच वंशज. इंजेक्शने किंवा जिभेखालचे थेंब, तीन ते पाच वर्षे. प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबणे सक्तीचे, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येते. ज्यांचा दमा आटोक्यात नाही त्यांनी सुरू करू नये. अर्काचा दर्जा आणि निदानाची खात्री या दोन गोष्टी पक्क्या नसतील, तर पाच वर्षांचा खर्च पाण्यात जातो.

उपटायचे, पण केव्हा

औषधाने माणूस सावरतो. गवत तिथेच असते. गणपतीच्या किंवा दसऱ्याच्या सफाईत गवत कापण्याचे यंत्र ऐन फुलोऱ्यावर चालवले जाते. पराग आणि भुगा हवेत उडतो, कामगाराच्या तोंडाला रुमालही नसतो, आणि बुंधा राहिल्याने झाड पुन्हा फुटते. हे काम जून-जुलैत, फूल येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून, मुळासकट व्हायला हवे. फुलाआधी उपटलेल्याचे कंपोस्टही होते. ज्याला याची अ‍ॅलर्जी आहे त्याने मात्र श्रमदानात लांबूनच भाग घ्यावा. जबलपूरची तण संशोधन संस्था दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळते. आपल्याकडच्या पावसाचा विचार केला तर खुरपे त्याआधीच उचललेले बरे.

जैविक उपायांत मेक्सिकन भुंग्याचे नाव पुढे आहे. झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडला गेला. तो पाने खाऊन झाड उघडे करतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसल्याने आरडाओरडा झाला, चौकशी समिती बसली, आणि धोका नसल्याचे ठरल्यावर त्याचा प्रसार पुन्हा सुरू झाला. त्याची मर्यादा एवढीच की तो पावसाळ्यात कामाला लागतो आणि कोरड्या महिन्यांत जमिनीत पडून राहतो. कालव्याकाठचे बारमाही गवत त्याच्या हाताबाहेर. मोकळी जागा भरून काढणारा टाकळाही मदत करतो. पडीक जागेत टाकळ्याचे बी पावसाआधी फेकले तर गाजर गवताला दाटीने उगवता येत नाही, आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते ती वेगळीच.

तोवर स्वतःपुरते करण्यासारखे बरेच आहे. पाऊस उघडल्यावरची कोरडी, वाऱ्याची वेळ सर्वांत वाईट. तेव्हा खिडक्या बंद, दुचाकीवर हेल्मेटची काच खाली. परागकण मोठा असल्याने साधा, नीट बसणारा मास्कही पुष्कळ अडवतो. बाहेरून आल्यावर कपडे बदलणे, रात्री झोपण्याआधी डोके धुणे किंवा निदान तोंड-हात धुणे, बहराच्या काळात कपडे घरात वाळवणे. त्वचेच्या रुग्णाने पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा आणि वाळलेल्या गवताची शेकोटी टाळावी.

साता समुद्रापार चुलतभाऊ

अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला ऑगस्टच्या मध्यापासून पहिल्या कडाक्याच्या थंडीपर्यंत हीच लक्षणे गाठतात. तिथला अपराधी रॅगवीड, गाजर गवताच्याच कुळातला. दोघांच्या परागातली प्रथिने इतकी मिळतीजुळती आहेत की एकाविरुद्ध तयार झालेले प्रतिद्रव्य दुसऱ्यालाही ओळखते. पुण्यात संवेदनशील झालेल्याला न्यू जर्सीत पहिल्याच हंगामात शिंका सुरू झाल्या, तर नवल नाही. डॉक्टरांना ‘माझ्या गावी पार्थेनियम होते’ एवढे सांगितले तरी निदान सोपे होते. तिथेही दोष जातो पिवळ्याधमक गोल्डनरॉडवर, आणि शेजारी उभे असलेले हिरवट, बिनदिखाऊ रॅगवीड नामानिराळे राहते.

त्या खंडात परागकण वर्षानुवर्षे मोजले जातात, म्हणून हंगाम बदलल्याचे दाखवताही येते: १९९५ ते २००९ दरम्यान उत्तर अमेरिकेत ४४ अंश अक्षांशाच्या वरच्या भागात रॅगवीडचा हंगाम १३ ते २७ दिवसांनी लांबला. आपल्या शहरांतल्या धुळीचा आकडा फोनवर दिसतो. परागाचाही तसा रोज दिसू लागला तर फवारा कधी सुरू करायचा हे अंदाजावर सोडावे लागणार नाही.

तोवर पंचांग पावसाचे. या अ‍ॅलर्जीचा एक मोठा फायदा असा की ती सांगून येते. नाकाचा रुग्ण फुलोऱ्याच्या दोन आठवडे आधी, म्हणजे साधारण जुलैच्या उत्तरार्धात, डॉक्टरांच्या सल्ल्याने स्प्रे सुरू करू शकतो. त्वचेच्या रुग्णाने पॅच टेस्ट उन्हाळ्यात, पाठीची कातडी शांत असताना करून घ्यावी. इम्युनोथेरपीचा विचार हिवाळ्यात, हंगाम सरल्यावर करावा. आणि वॉर्ड ऑफिस किंवा ग्रामपंचायतीला मोकळ्या प्लॉटबद्दलचा अर्ज जूनमध्येच द्यावा, कारण सप्टेंबरमध्ये त्यावर होणारी कारवाई बहुधा ते कापायचे यंत्रच घेऊन येते.